जाईला लागला भोपळा

"अहो, खत ढवळलंत का?" स्वयंपाकघरातून आवाज आला, तेव्हा मास्तर खताच्या ड्रमशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ड्रममधून कोमट वाफ येत होती, ओल्या मातीचा वास सुटला होता आणि मास्तरांना मिटल्या डोळ्यांपुढे खिडकीवर चढलेली जाई दिसत होती. जन्मभर गणिताच्या पेपरांवर त्यांनी भोपळेच वाटले. आता बायकोच्या खिडकीशी आपल्या हातून काहीतरी सुगंधी फुलावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ढवळलं!" त्यांनी अर्धवट झोपेतच ठोकून दिलं.

ते खत जाईच्या रोपाला घातलं आणि वेल असा तरारला की बोलायची सोय नाही. पानं ताटाएवढी झाली.

"जाईची पानं नाजूक असतात हो," बायको म्हणाली.

"खताची ताकद आहे ही!"

फुलं आली ती पिवळीधमक. मास्तरांनी त्यांत नाक खुपसलं. "वास मुरतोय अजून," ते म्हणाले. बायको हसू दाबत आत गेली. ड्रममध्ये कसल्या बिया पडल्या होत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण इतक्या सुखात असलेल्या माणसाला जागं करणं तिच्या जिवावर आलं.

वेल भिंत ओलांडून शेजारी उतरला. शेजारी टॅक्सीवाला राहायचा. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. शाळेत भोपळा मिळाल्यापासून त्याने त्यांच्याशी अबोला धरला होता.

"काकू, सरांना सांगा, वेल आवरा. नाहीतर मी छाटणार!"

मास्तर घाईघाईने बायकोला म्हणाले, "त्याला म्हणावं, थोडी कळ काढ! वास सुटला की तुझंही अंगण दरवळेल."

तो कुरकुरत थांबला.

मग एका सकाळी भिंतीपलीकडे धप्पकन आवाज झाला. पाठोपाठ टॅक्सीवाला दारात उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत मिळून जेमतेम मावणारा भोपळा होता.

"सर, तुमची जाई माझ्या गाडीच्या टपावर पडली."

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. मास्तरांचा तर अख्खाच्या अख्खा समोर आला. त्यांना खरोखर वाईट वाटलं.

"शाळेत दिलात, तेवढ्यावर भागलं नाही का?" टॅक्सीवाला म्हणाला. वर्षानुवर्षांचा अबोला मोडल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. तिने विळी आणून ठेवली.

मास्तरांनी भोपळा चिरला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"सांग, भोपळ्याचं निम्मं किती?"

टॅक्सीवाल्याला पुन्हा बाकावर उभं केल्यासारखं झालं. त्याने आशेने काकूंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

"आमच्या घराला पुरून उरेल एवढं, सर."

"पैकीच्या पैकी!" मास्तर म्हणाले, आणि बिया ओंजळीत घेऊन ड्रमकडे निघाले.

"या वेळी तरी ढवळाल ना?" बायकोने विचारलं.

"छे!" म्हणत त्यांनी खुर्चीत अंग टाकलं आणि डोळे मिटले.