घाट चुकलेला राजा

दुपारच्या सुट्टीत यशवंतराव कँटीनमधल्या खुर्चीवर उभे राहिले, तेव्हाच ज्योतीरामाच्या नशिबाचं चाक पंक्चर झालं होतं. त्याला मात्र ते फार उशिरा कळलं.

यशवंतराव पिंपरीच्या ज्या रंगाच्या कारखान्यात ज्योतीराम कामाला होता, तिथं हिशेबनीस होते आणि हौसेनं क्रीडामंडळाचे सेक्रेटरी. माणूस चिपळूणचा. बोलणं थोडकं आणि तेही उपकार केल्यासारखं.

"यंदाची सायकल शर्यत एका दिवसाची नाही, तीन दिवसांची. टप्प्याटप्प्यानं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी चाकणवरून खेड आणि परत. दुसऱ्या दिवशी घाट. घाटात जो पहिला येईल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब. तिसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत सपाटी."

"घाट कंचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"कंचा म्हणजे? इथं काय घाटांचं दुकान आहे? घाट एकच," असं म्हणून यशवंतराव खुर्चीवरून उतरले.

चिपळूणच्या माणसाला घाट एकच, म्हणजे डोंगर, वळणं आणि मोटारीतल्या उलट्या. पण तळवड्याच्या माणसालाही घाट एकच. गावाबाहेरच्या माळावर बैलगाड्यांची शर्यत होते, ती चढती धाव म्हणजे घाट. खालून बैल सुटले की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा आणि तो सोडायच्या आत गाडा वर. सगळ्यांत कमी वेळात ज्याचा गाडा वर जाईल, तो घाटाचा राजा. ज्योतीराम तळवड्याचा होता. एकच शब्द ऐकून दोघं आपापल्या गावाला गेले आणि वाटेत त्यांची गाठ पडली नाही.

ज्योतीराम सायकलवर होता शेवटच्या फर्लांगाचा गडी. मांड्या जात्याच्या पाळूसारख्या, मान आखूड. सगळी शर्यत तो दुसऱ्यांच्या आडोशानं, वारा न खाता काढायचा. शेवटची रेघ दिसली की मात्र त्याचे पाय त्याच्या ताब्यात राहत नसत. सपाटीवर त्याला हरवणारा एकच, दौलतराव. तोही त्याच जातीचा, शेवटच्या फर्लांगाचा. दौलतरावानं शर्यतीची बातमी ऐकली आणि त्याच दिवशी त्याच्या पोटात कळ आली.

"ह्या शर्यतीला आपण जायचं नसतं, भावा," त्यानं ज्योतीरामाला बाजूला घेऊन सांगितलं. "घाटात आपल्या मांड्या म्हणजे नुसतं ओझं. हडकुळी पोरं वर जातात आणि आपण हातभर जीभ काढून मागं. त्यात पहिल्याच्या मागं ठरलेल्या वेळात पोचला नाहीस तर बाद. म्हणजे तिसऱ्या दिवशीची सपाटीही गेली. फुकट पाय मोडून घ्यायचे आणि पुढच्या महिन्याची चांगली शर्यतही घालवायची. मी पोट धरून घरी बसणार."

"घाटाला एवढं भ्यायचं काय त्यात?" ज्योतीराम हसला. "आमी ल्हानपनापासनं घाटातच खेळलोय."

"घाटात? तू?"

"घराच्या हाकंवर हाय."

"आणि चढ?"

"चढ हाय की थोडा. पर बैलं पळत जात्यात."

"पळत?"

"पळत म्हंजी, उधळल्यावानी!"

तळवड्याचे बैल काय खातात याचा दौलतरावानं थोडा वेळ विचार केला.

ज्योतीरामाला किताबाची हौस नव्हती. त्याला तो पाहिजे होता बापासाठी. हिंदुराव एके काळी त्या घाटाचे राजे होते. पंचक्रोशीत त्यांचा गाडा पुढं आला की बाकीचे लोक दुसऱ्या नंबराबद्दल बोलायला लागत. मग रंगाच्या कारखान्यात जमीन गेली. पोराला नोकरी मिळाली, पण बैलांना कुठली नोकरी मिळणार? हिंदुरावांनी ते चाकणच्या बाजारात विकले, रिकामी दावणीची दोरी खांद्यावर टाकून चालत घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. त्याला दोन वर्षं झाली होती. ते जेवत, झोपत, विचारलं तर मान हलवत. बोलत नसत. घरात बाप असून नसल्यासारखा होता, आणि हे दुःख ज्योतीरामाला कुणाला सांगताही येत नव्हतं. बाप जिवंत असलेल्या माणसाच्या सांत्वनाला कोण येणार?

त्या संध्याकाळी तो उंबऱ्याशी उकिडवा बसला. "आबा, ऐतवारी घाटात शर्यत हाय. सायकलींची. घाटाचा राजा ठरवनार हायती."

हिंदुरावांनी मान वर केली. "कंच्या घाटात?"

चुलीपाशी बसलेल्या छबूबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. दोन वर्षांनी नवऱ्यानं प्रश्न विचारला होता.

"आपल्याच की," ज्योतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिंदुराव घाटावर. दोन वर्षांत तिथं बाभळी आणि कुसळं माजली होती. ती त्यांनी उपटली, दगड वेचले, खड्डे मुरमानं भरले. म्हातारा पुन्हा हिंडतोय म्हटल्यावर गाव गोळा झालं. बैलगाड्यांची वेळ मोजणारे घड्याळवाले मारुतराव आपलं घड्याळ तेल घालून तयार ठेवू लागले. हलगीवाल्यांना सुपारी गेली, गुलालाची पोती आली, बायकांसाठी मांडव पडला. "सायकलीला चाबूक न्हाई तर पळवायची कशी?" यावर चावडीवर एक संध्याकाळ गेली. ज्योतीरामानं हे सगळं पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. त्यानं सराव म्हणून घाटाची चढती धाव रोज मारली. बाकी काही नाही.

शनिवारचा पहिला टप्पा त्यानं जिंकला. खेडवरून परत येताना सगळ्यांच्या मागं लपून राहिला आणि कारखान्याच्या फाटकाशी सटकन पुढं निघाला. यशवंतरावांनी पाठ थोपटली. "शाब्बास! उद्या फक्त घाट सांभाळ."

"घाट घरचाच हाय, सायेब."

यशवंतरावांना या आत्मविश्वासाचं कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी शर्यत मुंबई रस्त्याला लागली. निगडीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं पंधरा-वीस सायकली सरळ गेल्या आणि एक सायकल उजवीकडे तळवड्याच्या कच्च्या रस्त्याला वळली. मागून पंचांची जीप कर्णा वाजवत आली.

"अरे ए, तिकडं कुठं?" यशवंतराव ओरडले.

"घाटाकडं!"

"घाट तिकडं कुठं आलाय?"

"मंग कुठं हाय?"

"खंडाळ्याला असतो तो, शहाण्या! खाली खोपोलीपर्यंत उतरायचं आणि चढून लोणावळ्यात मुक्काम. आता एवढ्यासाठी कुणी डोंगर उचलून तळवड्यात आणायचा का?"

ज्योतीरामानं पाय टेकले. तळवड्याच्या बाजूनं हलगी ऐकू येत होती. तिकडं जावं तर बापाला सांगायचं काय? शर्यतच चुकली? माझा घाट निराळा आणि कारखान्याचा निराळा? म्हातारा पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसेल आणि आता मानही हलवणार नाही. त्यानं सायकल वळवली आणि खाली मान घालून खंडाळ्याच्या दिशेनं निघाला.

उतारावर तो पहिला होता. उतारावर वजनदार माणूस पहिलाच असतो. खोपोलीला वळसा घेतला आणि डोंगर समोर उभा राहिला. पहिल्या वळणाला त्याच्या शेजारून एक किडकिडा कारकून शीळ घालत वर गेला. दुसऱ्या वळणाला आणखी दोघं गेले. तिसऱ्या वळणाला ज्योतीरामाला आपल्या मांड्यांचं वजन पहिल्यांदा कळलं. मग सायकल थांबली, तो उतरला आणि ढकलायला लागला. वरून एक बैलगाडी उतरत होती. ती बैलं पळत नव्हती, हे त्यानं पाहिलं. दौलतरावाच्या पोटातली कळ किती शहाणी होती तेही त्याला समजलं, पण समजून आता उपयोग नव्हता. वेळ संपली. बाद झालेल्यांना गोळा करणारा ट्रक आला, क्लीनरनं आधी सायकल आणि मग ज्योतीरामाला वर ओढून घेतलं.

बाकीचे लोणावळ्यात मुक्कामाला राहिले. ट्रक मात्र पिंपरीकडं परत निघाला. वाटेत ज्योतीराम फळ्यांना टेकून रडला. मुंबई रस्त्याची धूळ डोळ्यांत जाते म्हणून क्लीनरनं त्याला आपला रुमाल दिला.

निगडीच्या फाट्यावर ट्रकवाल्यानं त्याला उतरवलं. तळवड्यात शिरायला रस्ता एकच आणि तो घाटाच्या पायथ्यावरूनच जात होता. चोरासारखं खालून निसटावं असं ठरवून तो निघाला. पण पायथ्याशी वळण घेतलं आणि समोर साफ केलेली, पाणी शिंपडलेली, दोन्ही अंगांनी माणसांनी भरलेली चढती धाव दिसली. वर चुन्याची रेघ होती. रेघेवर तांबडं फडकं घेऊन हिंदुराव उभे होते.

रेघ दिसली आणि ज्योतीरामाच्या पायांनी त्याला विचारलंच नाही.

"आला! येकला आला! पयला आला!"

हलग्या कडाडल्या. गुलालानं हवा तांबडी झाली. ज्योतीराम रेघ ओलांडून पलीकडं कोसळला आणि मारुतरावांनी घड्याळ दाबून वेळ ओरडून सांगितली. ती बैलांपेक्षा जरा जास्त होती, पण दोन पायांच्या मानानं कुणी तक्रार केली नाही.

"दुसरा कोन हाय?" कुणीतरी पायथ्याकडं बघत विचारलं.

"दुसरा अजून दिसत न्हाई."

"ज्योतीराम, बाकीची कुठं हायती रं?"

ज्योतीरामाला धाप लागली होती. खोटं बोलायचा त्याचा विचार नव्हता. "मागं ऱ्हायली," तो म्हणाला.

"मागं म्हंजी कुठवर?"

"खंडाळ्यापातुर."

इतकं अंतर तळवड्याच्या घाटात आजवर कुठल्याच गाड्यानं काढलं नव्हतं. त्यानं "आवो, माजं आयका" असं दोनदा म्हणून पाहिलं, पण तोवर तो खांद्यावर होता आणि हलगीपुढं राजालाही ऐकू येत नाही. हिंदुराव पुढं आले, त्यांनी स्वतःचा फेटा सोडला आणि पोराच्या डोक्याला गुंडाळला. दुसऱ्या नंबराला निदान नारळ तरी द्यावा म्हणून सगळं गाव दिवस मावळेपर्यंत तिथं थांबलं. कुणी आलं नाही. जसजसा उशीर होत गेला, तसतशी ज्योतीरामाची कीर्ती वाढत गेली.

घरी जेवताना हिंदुराव बोलत होते. पोरानं रेघ कशी ओलांडली, मान कशी खाली घातली, आपल्या डाव्या बैलासारखीच घातली, सगळं. त्यांनी भाकरी मागून घेतली. ज्योतीराम घास हातात धरून म्हणाला, "आबा, एक सांगायचं व्हतं..."

"आदी खा," छबूबाई मध्येच म्हणाल्या. मग भांडी घेऊन परसात जाताना त्यांनी पोराला खुणेनं बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं, आयांना कळतंच. "दोन वर्सांनी मानूस बोलतंय घरात. तू तोंड उघडलंस तर याद राख."

"पर आये, म्या हारलो गं!"

"हारलास तर हारलास. बोंबलतोस कशापायी?"

मंगळवारी कारखान्यात यशवंतरावांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "घाट घरचाच आहे म्हणे! ढकलत होतास सायकल!" ज्योतीरामानं ऐकून घेतलं. राज्याचं ओझं होतंच, त्यात हे आणखी एक. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा हिंदुराव उंबऱ्यावर नव्हते. ते घाटावर पोरांना कसं सुटायचं ते शिकवत होते आणि पुढच्या साली राजानं आपला घाट राखायचा, असं गावाला सांगून मोकळे झाले होते.

पुढच्या वर्षी शर्यत लागली. शेवटच्या फर्लांगाचे जेवढे म्हणून सायकलवाले होते, त्या सगळ्यांच्या पोटात एकाच दिवशी कळा आल्या. ज्योतीरामानं नाव दिलं.

"वेडा झालास का?" दौलतराव म्हणाला. "गेल्या वेळी जीव जायचा राहिला होता."

"जायला लागतंय, भाऊ."

त्या रविवारी बाद झालेल्यांना गोळा करणारा ट्रक खंडाळ्याला उतार सुरू होतो तिथं सावलीत उभा होता. अजून ड्रायव्हरचा चहासुद्धा झाला नव्हता. एवढ्यात शर्यतीतली एक सायकल आली आणि बाकीच्या भराभर घाट उतरत असताना रस्ता सोडून थेट ट्रकपाशी थांबली. ज्योतीराम उतरला, त्यानं स्वतःच फळी खाली केली आणि सायकल वर चढवायला लागला.

"अहो, काय करताय?" ड्रायव्हर म्हणाला. "अजून घाट उतरायचाय! मग चढायचाय! तुम्ही बाद झालाच नाही अजून!"

"व्हनारच हाय. मंग दोघांचा बी येळ कशाला घालवायचा?" ज्योतीराम वर चढून सायकलीशेजारी बसला आणि डोक्यावरचा घाम पुसून म्हणाला, "चला, जरा बिगीबिगी हाना गाडी. घरी बाप वाट बघतुया. मला पयला याचंय."