वामनराव ढोरडॉक्टरांची साक्ष

वामनराव ढोरडॉक्टर माणसाचं नाव नंतर विचारायचे, आधी त्याच्या अंगावरचे व्रण पाहायचे. आमची पहिली भेट अंबडच्या कचेरीच्या ओट्यावर झाली. मी तिथे मुन्सिफसाहेबांचा पेशकार, म्हणजे खटल्याचे कागद वाचून दाखवणारा. मी आदाब करायच्या आत त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "चार-पाच वर्षांचे असताना पडलात. उंबऱ्यावर." खरंच होतं. मग समाधानाने म्हणाले, "हां, आता नाव सांगा."

राज्य निजामाचं, कचेरी उर्दूत. जनावराच्या चोरीचा किंवा विषबाधेचा खटला आला की साक्षीला वामनरावांना बोलावणं जायचं. त्यांच्या उर्दूत निम्मी मराठीच असे. एक वाक्य मात्र ठरलेलं : "बराबर पाहिल्याबिगर आपण बोलत न्हाई." खानावळवाल्याने आमटी कशी झालीय विचारलं, तरी हेच म्हणून दुसरी वाटी मागवत. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेली. जेवण कायम खानावळीचं.

कुंभार पिंपळगावच्या रुक्माबाईचा खटला मला चांगला आठवतो. पन्नाशीची विधवा. तिचा लाल गोऱ्हा रानातून नाहीसा झाला होता. पुढे बाजारात एका शेतकऱ्याजवळ तिला तसाच लाल बैल दिसला, उजव्या खांद्यावर चंद्रकोरीसारखा डाग असलेला. वासराचं पोट फुगलं तेव्हा तापल्या विळ्याने तो डाग मीच दिला, असं तिचं म्हणणं. शेतकरी म्हणे, बैल मी विकत घेतला आणि डाग गेल्या साली मी दिला. डाग तिचा ठरला तर तो तुरुंगात जाणार, त्याचा ठरला तर ती हात हलवत घरी जाणार.

बैल कचेरीसमोरच्या लिंबाला बांधला. वामनराव डागावरून बोटं फिरवत, बैलाशी हळूहळू बोलत राहिले. मुन्सिफसाहेब दोनदा ओट्यावर डोकावून गेले. शेवटी साक्ष झाली : डाग बैलाची वाढ पुरी झाल्यावरचा आहे. वासराला दिलेला डाग कातडीबरोबर पसरतो. याच्या कडा जशाच्या तशा आहेत, पसरलेल्या नाहीत.

रुक्माबाईच्या वकिलांना ते पटेना. वामनरावांनी साहेबांची परवानगी घेतली आणि वकिलांना बाही वर करायला लावली. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचा रुपयाएवढा डाग होता.

"टोचला तेव्हा हा वाटाण्याएवढा असंल," वामनराव म्हणाले. "वकीलसाहेब वाढले, तसा डागबी वाढला."

मुन्सिफसाहेबांनी मिशीआड हसू दाबलं. शेतकरी सुटला.

रुक्माबाई रडली-भांडली नाही. पायऱ्यांशी वामनरावांना गाठून तिने एवढंच विचारलं, "तुम्ही सांगितलं ते बराबर असंल, डाक्टर. मंग माझा कुठं हाय?"

ते पायरीवर बसले आणि तिच्या गोऱ्ह्याची शिंगं, शेपूट, खूर, सगळं विचारून घेतलं. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते गावोगावच्या बाजारात लाल बैलांचे उजवे खांदे तपासताना दिसू लागले. अधूनमधून पिंपळगावला जाऊन, अजून सापडला नाही, असं रुक्माबाईला सांगून यायचे. कचेरीत आम्ही त्यावर खूप हसायचो.

काही वर्षांनी जांबला देवदर्शनाला जाताना मी वाटेत पिंपळगावला रुक्माबाईकडे पाणी प्यायला थांबलो. वामनराव गोठ्यात होते. तिच्या म्हशीला चारा नीट चावत नाही म्हणून रागवत होते. दावणीला तिच्या भावाने दिलेली बैलजोडी होती. रुक्माबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी हळूच विचारलं, "गोऱ्हा सापडंल असं वाटतं का हो अजून?"

"न्हाई, दादा. तो कवाच गेला." तिने गोठ्याकडे पाहिलं. "पण त्यांच्याजवळ बोलू नका. शोध संपला तर यायचं कशाला, असं वाटंल त्यांना."

वामनराव हात धुऊन आले. तिने ताट पुढे सरकवलं, गरम भाकरी वाढली आणि विचारलं, "ह्या बाजारी दिसला का वो?"

ते मांडी घालून बसले आणि बाजारातला एकेक बैल तिला सांगू लागले.