मान खाली

"गोल्फ खेळता का हो?" साहेबांनी सह्या करता करता विचारलं, आणि हेडक्लार्क म्हणाले, "होय साहेब." बावीस वर्षांत साहेबांपुढे त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नव्हता, ऑफिसात त्यांना होयबा म्हणत ते काही उगाच नाही.

"छान. रविवारी समोरच्या कंपनीशी जोडीचा सामना आहे. माझ्या जोडीदाराची पाठ धरलीय. तुम्ही चला."

होयबांची नजर टेबलावरच्या एका कागदाला चिकटली होती. त्यांच्या बदलीचा हुकूम. दूरची शाखा, घरापासून पुरत्या एका दिवसाच्या प्रवासावर. सोमवारी सही व्हायची होती.

"येत नाही म्हणून सांगायला काय धाड भरली होती?" बायकोने विचारलं.

"जीभ रेटेना."

"मग आता हात रेटा."

तिने वाचनालयातून नवशिक्यांसाठीचं एक पातळ पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर उलटतपासणी सुरू केली.

"स्लाइस म्हणजे?"

"चेंडू उजवीकडे पळतो."

"हुक?"

"डावीकडे."

"चिप?"

"भोकाभोवतीच्या हिरवळीच्या काठावरून जरासा उडवायचा, पुढे तो आपला घरंगळत जातो."

"फोर?"

"चार."

"कप्पाळ. चेंडू कुणाच्या टाळक्यावर चालला की 'फोर' म्हणून ओरडायचं. माणूस बाजूला होतो."

मग छत्रीने सराव. पहिल्याच झटक्यात छत्री मागे गेली ती भिंतीवरचं घड्याळ घेऊन खाली आली. "बॅकस्विंग समजला," बायको काचा गोळा करत म्हणाली, "बाकीचं अंगणात." एक नियम मात्र तिने तीनदा वाचून दाखवला: चेंडू कुठे गेला हे बघायला मान वर केली की फटका फसलाच.

रविवारी मैदानावर कळलं की जोडीला चेंडू एकच, तो आळीपाळीने मारायचा. साहेबांनी पहिला फटका मारला, ऐटीत मान उंचावली, आणि चेंडू झुडपात गेला. आता पाळी होयबांची. साहेब समोर उभे असताना मान वर करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काठी फिरली, खट्ट आवाज झाला.

"कुठे गेला, साहेब?" त्यांनी गवताकडे बघतच विचारलं.

"हिरवळीवर," साहेब जरा तुटकपणे म्हणाले.

पुढे हेच चालू राहिलं. साहेब चेंडू वाळूत घालत, होयबा बाहेर काढत. शेवटी समोरच्या कंपनीचे मॅनेजर हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही यांची बॅग धरा, लवकर जिंकाल." साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, आणि होयबा पेचात पडले. चांगलं खेळावं तर साहेबांचं नाक कापलं जातंय. वाईट खेळायला मान वर करावी लागते, आणि ती तर होत नाही.

शेवटच्या भोकापाशी जिंकायला दोन फटके उरले. पहिला होयबांचा, दुसरा साहेबांचा. होयबांना हायसं वाटलं. आपण चेंडू भोकाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवू, शेवटचा टोला साहेब मारतील, विजय त्यांचा होईल, बदली टळेल. त्यांनी मुद्दाम डावीकडे नेम धरून हलकेच ढकललं. चेंडू डावीकडे गेला, रेंगाळला, आणि उजवीकडे वळून टुपकन आत पडला. हिरवळीला उतार होता.

"वा, उतार काय हेरलाय," मॅनेजर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या होयबांसाठी वाजत होत्या. ते घाबरले होते, पण त्या भीतीतसुद्धा त्यांना फार म्हणजे फार आनंद झाला होता. साहेब मात्र आपली बॅग उचलून तडक गाडीकडे निघाले.

"काय झालं?" बायकोने दारातच विचारलं.

"जिंकलो. बांधाबांध करायला घे."

सोमवारी बोलावणं आलं. साहेबांनी दार लावून घेतलं, हुकूम उचलला आणि त्याचे चार तुकडे केले.

"पुढच्या महिन्यात परत सामना आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझं काय चुकतं ते सांगा. बाहेर बोलायचं नाही."

साहेबांनी कोपऱ्यातली छत्री घेतली आणि गालिच्यावर उभे राहिले. होयबा त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले.

"पकड सैल. गुडघे वाकवा. आणखी. आता मान खाली."

साहेबांनी मान खाली घातली. "वर कधी करू?"

"मी सांगेन तेव्हा," होयबा म्हणाले, आणि कुणी बसा न म्हणता साहेबांच्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.