दस्ता अक्रोडाचाच हवा

एका जंगलात मक्याचं एक शेत होतं. जंगलात शेत कुठून आलं, असं विचारू नका, बाळांनो. ज्या जंगलात अस्वलाला राखणदाराची नोकरी मिळते, तिथं मक्यानं उगवू नये असं कोण म्हणणार?

तर त्या शेताचा राखणदार होता गोमाजी अस्वल. शेत सगळ्या जंगलाचं होतं. थंडीच्या दिवसांत ससे, माकडं, खारी, सगळे त्याच मक्यावर जगत. आणि ओढ्यापलीकडची रानडुकरं त्याच मक्यावर डोळा ठेवून असत.

गोमाजीकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ता, म्हणजे मागची लाकडी मूठ, बाभळीचा होता आणि तो तारेनं आवळलेला होता. रोज सकाळी दव उतरलं की गोमाजी शेतातल्या उंच माळ्यावर चढायचा, बंदूक आभाळाकडे धरायचा आणि एक बार काढायचा. आभाळाकडेच, बरं का. कुणाला मारायचं नाही, नुसतं घाबरवायचं, असा त्या जंगलाचा रिवाज होता. धडाम् आवाज व्हायचा. ओढ्यापर्यंत आलेली डुकरं माघारी फिरायची. गोमाजी खाली उतरून भाकरी खायचा. तीन पिढ्या असंच चाललं होतं.

एके दिवशी बंदूक नुसती फुस्स झाली. दुसऱ्या खेपेला बार उडाला, डुकरंही पळाली, पण मधल्या वेळात एक पोपट हसला. गोमाजीला ते फार लागलं.

त्याची बायको भागीरथी चुलीपाशी होती. तिनं बंदूक हातात घेतली, घोडा मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाली, "अवो, घोड्याची कमान ढिली झालीया. तेवढी बदला. बाकी बंदूक झ्याक हाय."

गोमाजी ती कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलायला निघाला. वाटेत त्याला कोल्हा भेटला. हा कोल्हा 'जुन्या धाटणीच्या बंदुकांचे आस्वादक मंडळ' या संस्थेचा चिटणीस होता. मंडळ दर गुरुवारी तळ्याकाठी भरायचं. सभासदांनी कधी बार काढला होता का, ते काही ठाऊक नाही. पण बोलायचे फार छान.

"नुसती कमान?" कोल्हा हळहळला. "गोमाजीराव, उत्तम कमान हलक्या घोड्याला लावणार? तो घोडा बाभळीच्या दस्त्यावर बसवणार? आजोबांच्या बंदुकीचा हा अपमान नाही का?"

गोमाजीनं आजवर बंदुकीचा मान राखला नव्हता की अपमान केला नव्हता. त्यानं नुसता बार काढला होता. त्याला एकदम अपराधी वाटलं.

"मग काय करावं म्हणता?" त्यानं विचारलं. मंडळाशी बोलताना तो शुद्ध बोलायचा.

"नवी बांधा. धाटणी आजोबांचीच, पण एकेक भाग निवडून घेतलेला. आयुष्यभर दगा द्यायची नाही."

इथून पुढे गोमाजीला ज्ञान व्हायला लागलं, आणि घरात ते एकदा शिरलं की बाहेर काढणं अवघड असतं.

त्याला कळलं की नळी पुराआधीचीच हवी. पुरानंतर तशा नळ्या होत नाहीत. कोणता पूर, हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं, पण 'पुराआधीची' म्हटलं की सगळे डोळे मिटून मान डोलवायचे. गोमाजी दोन टेकड्या ओलांडून तशी नळी घेऊन आला. चापासाठी तो साळिंदराकडे नऊ वेळा गेला. दाबताना चाप कसा यावा, तर पिकलं जांभूळ देठावरून सुटतं तसा, असं गोमाजीचं म्हणणं होतं. नवव्या वेळी साळिंदरानं दारच उघडलं नाही.

दस्त्यासाठी दगडू सुतारपक्षी आला. त्यानं सागाला चोच मारली आणि तोंड वाकडं केलं. शिसवीला मारली आणि चोच पुसली.

"अक्रोड," तो शेवटी म्हणाला. "पर उत्तरेच्या उताराचा. दक्षिणेच्या उताराला रेषा धरत न्हाई."

"बार काढायला रेषा लागत्यात व्हय?" भागीरथीनं विचारलं.

दगडू आणि गोमाजी, दोघांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं.

या सगळ्यात पावसाळा निघून गेला. मग डुकरं कोण हाकलत होतं? भागीरथीच. जुनी बंदूक गोमाजीनं पहिल्याच आठवड्यात खोलून ठेवली होती. भागीरथी रोज सकाळी माळ्यावर चढायची आणि पितळेची परात मुसळानं बडवायची. डुकरं पळायची. गोमाजी अंथरुणातून ऐकायचा आणि आता घरातही मंडळाच्या भाषेत म्हणायचा, "अगं, आवाज फुटका येतोय. भरदारपणा नाही."

बंदूक तयार झाली तेव्हा कणसं दुधावर आली होती. आता एकच गोष्ट राहिली होती. कोल्ह्यानं सांगितलं होतं की खऱ्या जाणकाराच्या बंदुकीत सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला असतात. गोमाजीच्या सहा स्क्रूंपैकी पाच पूर्व-पश्चिम होते. सहावा किंचित ईशान्येला होता. त्या एकासाठी अकरा दिवस गेले. गोमाजीला अधूनमधून स्वतःचं हसू यायचं. एवढं मोठं अस्वल, आणि राईएवढ्या खाचेकडे एक डोळा मिटून बघत बसलंय! मग तो दुसरा डोळा मिटून बघायचा.

बाराव्या दिवशी भागीरथीला निरोप आला. तिची बहीण बाळंत झाली होती.

"मी चार दिस जाते," ती म्हणाली. "मका भरात हाय. येवढा गेला तर जंगल उपाशी मरंल आणि आपली राखणदारी जाईल. बंदूक झाली न्हवं? सकाळी बार काढा म्हंजे झालं."

"अगं, आता काय काळजी? आयुष्यभर दगा द्यायची नाही ही," गोमाजी म्हणाला. तो मनापासून बोलत होता. म्हणूनच पुढचं सांगताना मला वाईट वाटतं.

पहिले तीन दिवस डुकरं परातीच्या धाकानं आलीच नाहीत, म्हणून बार काढायची वेळही आली नाही. चौथ्या सकाळी दव उतरलं आणि ओढ्याकडून खसफस ऐकू आली. पुढे कळपाचा म्होरक्या रंगराव होता, मागे चाळीस डुकरं.

गोमाजीनं माळ्यावर चढून बंदुकीभोवतीची मलमलीची घडी सोडली. बंदूक उचलली. आभाळाकडे धरली. चापावर बोट ठेवलं.

आणि त्याच्या मनात आलं, बार काढला तर नळी आतून काळी पडेल.

आज ना उद्या पडणारच, हे त्याला कळत होतं. पण आज? इतक्या सुरेख सकाळी? जरा ऊन वर येऊ दे, असं म्हणून त्यानं बोट काढलं.

तेवढ्यात रंगराव माळ्याखाली येऊन उभा राहिला. तो वर बघत होता. बघताना त्याचा जबडा हळूहळू खाली आला.

"शिसव?" त्यानं विचारलं.

"अक्रोड," गोमाजीच्या तोंडून निघून गेलं.

"उत्तरेच्या उताराचा?"

गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळात सगळे आपापल्या बंदुकीबद्दल बोलत. त्याच्या दस्त्याकडे नीट कुणी पाहिलंच नव्हतं. तो खाली उतरला. रंगरावानं पाय गवताला पुसले, बंदूक जपून घेतली, रेषांवरून नाक फिरवलं.

"आणि खाचा!" तो कुजबुजला. "सहाच्या सहा एका दिशेला! कुणाला जमतं हो हे?"

"अकरा दिवस लागले," गोमाजी लाजत म्हणाला.

"बार काढलात की नाही अजून?"

"छे, छे!"

"नकाच काढू," रंगराव कळवळून म्हणाला. "पुराआधीची नळी आहे."

दोघं बांधावर बसले. गोमाजीनं मध आणला. नळीवर बोलणं झालं, मग चापावर, मग हल्लीच्या तरुणांना धीर कसा नाही यावर. मागे चाळीस डुकरं मका खात होती. त्यांचा आवाज गोमाजीला येत होता, पण बोलणं इतकं रंगलं होतं की मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

दुपारी भागीरथी परत आली. तिनं शेताकडे पाहिलं. चारातले तीन वाटे शेत भुईसपाट झालं होतं. बांधावर नवरा आणि रंगराव अंग टेकून बसले होते आणि मधोमध बंदूक होती.

"बार न्हाई काढला?" तिनं विचारलं.

गोमाजीनं मान खाली घातली. मोठी लाज वाटली त्याला.

भागीरथीनं परात काढली. मुसळ दिसेना, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि अक्रोडाचा दस्ता परातीवर हाणला.

बाळांनो, काय आवाज निघाला म्हणून सांगू! तळ्यातले मासे बुडाशी गेले. कोल्हा झाडावर चढला. कोल्हे झाडावर चढत नाहीत, पण तो चढला. चाळीस डुकरं ओढ्यापलीकडे गेली आणि थांबलीच नाहीत. रंगराव सगळ्यांच्या पुढे होता. तरी पळता पळता ओरडला, "वहिनी, दस्त्याला पोचा येईल हो!"

पोचा आला. शेताचा चौथा वाटा वाचला. त्या थंडीत सगळ्या जंगलानं पोटाला चिमटा घेतला. राखणदारी गोमाजीकडून काढून भागीरथीला दिली. गोमाजी तिचा मदतनीस झाला. ती हाणते, तो परात धरतो.

जंगलात सगळे हसतात, आणि गोमाजीही हसतो. पण दर गुरुवारी तो तळ्याकाठी जातो आणि सांगतो, "मंडळी, सागानं परात वाजते, शिसवीनंही वाजते. पण भरदारपणा हवा असेल, तर अक्रोड. उत्तरेच्या उताराचा."

तात्पर्य : सामान नेहमी उत्तम प्रतीचंच घ्यावं. म्हणजे ते कशासाठी घेतलं होतं याचा विसर पडला, तरी घरातल्या शहाण्या माणसाला ते कशावर तरी आपटता येतं.

(ही गोष्ट जुन्या धाटणीच्या, सोन्याच्या निबाच्या पेनानं लिहायची असं मी गेल्या वर्षी ठरवलं होतं. पेन आलं, शाई आली, कागदही निवडून झाला. पेन फार सुंदर आहे. ही गोष्ट बायकोच्या किराणा यादीच्या पेन्सिलीनं लिहिली आहे.)