‘थंड हवेचा बंगला’ आणि प्रयागबाईंचं हसणं

“हसून हसून पोट दुखलं न्हाई, तर प्रयागबाई नाव सांगणार न्हाई!”

शिनोलीत त्या आठवड्यात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. प्रयागबाईंनी ते पिठाच्या गिरणीत ऐकवलं, एसटीच्या थांब्यावर ऐकवलं, आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई दंडात सुई खुपसत असताना, “आई गं!” म्हणायच्या ऐवजीही हेच ऐकवलं.

कारणच तसं होतं. गावाच्या वर, डिंभे धरणाकडे तोंड करून, मुंबईच्या एका डॉक्टरांनी सुट्टीसाठी बंगला बांधला होता. डॉक्टर यायचे वर्षातून एकदा. एरवी तिथली हवा वानरं खायची. त्या हिवाळ्यात मात्र बंगल्यावर टीव्हीवाले उतरले. विनोदी मालिका करायची होती. नाव ‘थंड हवेचा बंगला’. गोष्ट अशी, की मुंबईच्या चार कुटुंबांना एकच बंगला एकाच दिवशी चुकून भाड्यानं मिळतो आणि कुणीच हटायला तयार नसतं. या सगळ्या मंडळींना रांधून घालायचं काम प्रयागबाईंना मिळालं, आणि नुसती गोष्ट ऐकूनच त्यांना असं हसू फुटलं की चुलीवरचं पिठलं उतू गेलं.

प्रयागबाईंचं हसू म्हणजे साधं काम नव्हतं. आधी ‘हिं... हिं...’ अशी एसटी चढावर धाप टाकते तशी सुरुवात व्हायची, मग क्षणभर सगळं बंद पडायचं, आणि मग एकदम ‘ह्याक् ह्याक् ह्याक्!’ झाडावरचे बगळे उडायचे.

शूटिंगला हसण्यासारखं काय कमी होतं? मालिकेतले मुख्य नट मोकाशी, अंगानं भरलेले. ते झोपाळ्यावर बसले आणि झोपाळा कड्यांसकट खाली आला. त्यांचा केसांचा टोप वानरानं पळवला आणि स्वतःच्या डोक्यावर घालून ते पत्र्यावर साहेबासारखं बसलं! दिग्दर्शक हातातले कागद भिंतीवर ठेवून चहा प्यायला गेले, तोवर शेजारच्या म्हशीनं दोन प्रसंग खाऊन टाकले. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून ‘ह्याक् ह्याक्’ आलं की आवाज टिपणारा माणूस कपाळावर हात मारून घ्यायचा. शेवटी एके दिवशी तो माणूस, टोकाला केसाळ बोका टांगल्यासारखा माइक असलेलं एक लांब दांडकं घेऊन चुलीपाशी आला. म्हणाला, “मावशी, आता हसा. मनमोकळं हसा.”

“कशाला वो?”

“असू द्या. आठवण म्हणून.”

प्रयागबाईंनी टोपातलं वानर आठवलं आणि मनमोकळं हसून घेतलं. माणूस खूश होऊन गेला. बाईही ते विसरून गेल्या.

आता दुसरी बाजू. प्रयागबाईंची लेक मोहिनी लग्नाची होती. पिंपरी पेंढारच्या कुशाबाई मुलाला, म्हणजे सुदर्शनला घेऊन मुलगी बघून गेल्या होत्या. सुदर्शनला मोहिनी पसंत होती. पोहे खाताना त्यानं बशीत कमी आणि दाराकडं जास्त बघितलं होतं. मोहिनीलाही तो आवडला होता. पण गाडं कुशाबाईंपाशी अडलं होतं. बाई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. चेहरा असा की फोटोवाल्यानंही ‘जरा हसा’ म्हणायची हिंमत करू नये! तीन निरोप गेले, तरी “बघू” एवढंच उत्तर.

प्रयागबाईंनी बेत आखला. “आपल्या बंगल्याचा पहिला भाग गुरुवारी हाय. त्यांना बोलवायचं. पोटभर जेवण आन् पोटभर हसू! हसून डोळ्यांना पानी आल्यावर बाई न्हाई म्हणंल कशी?”

त्यांचे यजमान सावळेराम खाटेच्या सुंभाला गाठ मारत होते. हा माणूस मुळात कमी बोलायचा आणि हसताना तर कुणी बघितलाच नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “तू बघितलीस का ती शिरेल?”

“बघितली म्हंजे? मी तिथंच व्हते की!”

सावळेरामांनी दुसरी गाठ मारली.

गुरुवार उजाडला. घरचा टीव्ही लहान, काळा-पांढरा. त्यावर पाहुण्यांना काय दाखवायचं? घोडेगावच्या मेव्हण्याकडून रंगीत टीव्ही आणला. ओसरीत ट्रंकेवर चादर अंथरून त्याला नवरदेवासारखं बसवलं. अँटेनाचा बांबू कौलाच्या वर इतका चढवला की शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, “प्रयागबाई, ह्याच्यात मुंबई दिसंल का लंडन?” कुशाबाई सुदर्शनला घेऊन जीपनं आल्या. मासवडीचं जेवण झालं. संध्याकाळी अंगण माणसांनी भरलं. काचेवर उजेड पडतो म्हणून दिवे घालवले. मानाची खुर्ची कुशाबाईंना दिली, शेजारी बयाबाईंना बसवलं, आणि प्रयागबाई स्वतः कुशाबाईंच्या बरोबर मागे बसल्या. विहीणबाईंचे खांदे हसण्यानं हलताना त्यांना डोळ्यांनी बघायचे होते!

गाणं वाजलं. पडद्यावर नाव आलं. अंगणात टाळ्या पडल्या.

मग एक खोली दिसली. खोलीत सोफा. सोफ्यावर चार माणसं.

“ही खोली आमची.”

“नाही, आमची.”

“मी म्हणतो आमची.”

बराच वेळ झाला तरी खोली कुणाचीच होईना. अंगणात चुळबूळ सुरू झाली.

“आगं, आपलं धरण कुठं हाय?” मागून कुणीतरी विचारलं.

“येईल, येईल! आता वानर येतंय बघा!”

वानर आलं नाही. म्हैस आली नाही. मोकाशी झोपाळ्यावर बसले, पण झोपाळा नवा, पक्का. ढिम्म हलला नाही! ते कपाकडं बघून म्हणाले, “अरेच्चा, चहा थंड झाला.”

आणि टीव्हीतून आवाज आला, “हिं... हिं... ह्याक् ह्याक् ह्याक्!”

अख्ख्या अंगणाच्या माना मागं वळल्या. हे हसू शिनोलीला पाठ होतं! खुद्द प्रयागबाईंनीही दचकून तोंडावर हात ठेवला. ‘मी हसले का काय?’ पण त्यांना तर हसू आलंच नव्हतं. उलट रडू येईल अशी परिस्थिती होती.

कुशाबाई तेवढ्या वळल्या नाहीत. मालिकेचा कंटाळा येऊन त्या बयाबाईंशी बोलायला लागल्या होत्या. “आमच्या थोरल्या जाऊबाईंचं गुडघ्याचं आपरेशन झालं. खाटंवर पडून हाय बिचारी.”

“ह्याक् ह्याक् ह्याक्!”

कुशाबाईंची मान ताठ झाली. मागच्या बाजूनंच आवाज आल्यासारखं वाटलं खरं. पण ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी विषय बदलला. “सुदर्शनचं बरं चाललंय. कारखान्यात परमनंट झालाय.”

“हिं... हिं... हिं... ह्याक्!”

आता प्रयागबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो केसाळ बोका! ते दांडकं! त्या माणसानं त्यांचं हसू नेऊन चहात, सोफ्यात, जिथं रिकामी जागा दिसली तिथं चिकटवलं होतं!

“अवं, टीव्ही बंद करा!” त्या ओरडल्या.

पण उशीर झाला होता. कुशाबाई उठल्या. त्यांच्या पदराचं टोक खुर्चीच्या खिळ्यात अडकलं. त्या तरातरा पुढं, आणि खुर्ची लाडक्या शेळीसारखी मागं-मागं! तशातच त्या पाण्याच्या घागरीला अडखळल्या. घागर आडवी झाली, पुढच्या रांगेतली पोरंसोरं भिजली, आणि नेमकं त्या क्षणाला टीव्हीतून आजवरचं सगळ्यात मोठं, सगळ्यात मनमोकळं हसू बाहेर पडलं.

ते टोपातल्या वानराला हसलेलं होतं, पण कुशाबाईंना काय माहीत?

“सुदर्शन! जीप काढ!” त्या कडाडल्या. “घरी बोलवून माणसाचं हसं करत्यात! माझ्या जाऊबाईच्या गुडघ्याला हसत्यात! आसल्या घरात सोयरीक करायची न्हाई!”

“अवो विहीणबाई, मी न्हाई हसले!”

“मग कोण हसलं?”

“मीच! म्हंजे आवाज माझाय, पण हसले मी न्हाई!”

आता यावर कोण विश्वास ठेवणार? कुशाबाईंनी पदर सोडवला आणि खुर्चीला एक धक्का दिला. सुदर्शन जीपची किल्ली मुठीत घट्ट धरून उभा होता, जणू किल्ली हरवली तर बरं होईल. दारात मोहिनीचा चेहरा पडला होता. गावाला हसवायला निघालेल्या बाईनं लेकीचं लग्न मोडलं होतं!

तेव्हा सावळेराम उठले. शांतपणे ट्रंकेपाशी गेले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मग बायकोकडं वळून म्हणाले, “तोंड दाब.”

प्रयागबाईंनी दोन्ही हातांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला. सावळेरामांनी आवाज वाढवला.

“ही खोली आमची,” टीव्हीतला कुणीसा म्हणाला. “हिं... ह्याक् ह्याक् ह्याक्!”

कुशाबाईंनी टीव्हीकडं बघितलं. प्रयागबाईंकडं बघितलं. परत टीव्हीकडं. मग सावकाश जवळ येऊन त्यांनी प्रयागबाईंच्या तोंडावरचा बोळा बाजूला केला आणि खात्री करून घेतली. आत हसू नव्हतं.

“म्हंजे, त्या डब्यात तुमी हाय?”

“व्हय. कोंडलंय मला.”

“आन् ह्याला हसलात?” कुशाबाईंनी पडद्याकडं बोट दाखवलं. “खोली आमची, खोली तुमची, ह्याला?”

सोयरीक मोडल्यावर लागलं नव्हतं एवढं हे प्रयागबाईंना लागलं. “न्हाई वो! तिथं लई गंमत व्हती. वानर व्हतं, म्हस व्हती. मोकाशीसाहेब रोज चुलीपाशी बसून भाकर खायचे. एकदा ठेचा जिभेला लागला तर थेट गुरांच्या हौदात तोंड घातलं त्यांनी! बैल बाजूला सरून बघाया लागला, हे कोण नवीन जनावर आलं म्हणून. ते सगळं कापलं मेल्यांनी, आन् सोफा तेवढा ठेवला! मला वाटलं, सगळ्या गावाला दाखवीन...”

बयाबाईंनी डोळे पुसायला आपला पदर पुढं केला.

मग कुशाबाईंनी स्वतःच खुर्ची सरळ केली आणि बसल्या. या वेळी टीव्हीकडं पाठ करून.

“म्हशीनं काय केलं म्हणालात?”

“दोन परसंग खाल्ले. तिसरा आर्धा. मोठे साहेब तिच्या तोंडात हात घालून वढत व्हते आन् म्हणत व्हते, ‘हिरॉईनची एंट्री तरी सोड गं!’”

अंगणात हसू फुटलं! पाठोपाठ टोपवालं वानर आलं, झोपाळा आला, सगळं आलं. टीव्ही मागं एकटाच ‘खोली आमची’ म्हणत राहिला. कुणी ढुंकून बघेना. आणि अचानक कुशाबाईंचे खांदे गदगदा हलायला लागले. मान खाली, तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून पाण्याच्या धारा!

“आगं, पानी आणा! झटका आला बाईंना!” बयाबाई किंचाळल्या. कुणी कांदा शोधायला पळालं, कुणी चप्पल हुंगवायला आणली.

सुदर्शन गर्दीतून वाट काढत ओरडला, “अवो, चप्पल काढा ती! आई हसतीय! ती आशीच हसती!”

कुशाबाईंनी पदरानं डोळे पुसले. दम घेतला. म्हणाल्या, “आमच्या घरात सगळी आशीच हसणारी. घरात कुणी हसतंय का रडतंय, कळतच न्हाई. एक आवाजाचं माणूस पायजेच व्हतं.” मग दाराकडं वळून, “काय गं पोरी, आईवानीच हसतीस ना?”

मोहिनी लाजून म्हणाली, “न्हाई. मी बाबांवर गेलीय.”

तरी सुपारी फुटली! जीप निघायच्या वेळी सुदर्शन दोनदा किल्ली विसरून परत आला.

पुढच्या गुरुवारी प्रयागबाईंनी जाहीर केलं, की ती मालिका आपल्या घरात लागणार नाही. रंगीत टीव्ही घोडेगावला परत गेला होताच. त्या चुलीपुढं बसल्या आणि भाकरी थापायला घेतली. इतक्यात ओसरीतून कसलासा अनोळखी आवाज आला. कोंबडी बुट्टीखाली अडकावी तसा, तुटक तुटक. त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

लहान काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढं सावळेराम बसले होते. आणि हसत होते! मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईतो! लग्नाला इतकी वर्षं झाली, माणसाचे मागचे दात प्रयागबाईंनी पहिल्यांदाच बघितले.

“काय झालं वो?”

“आगं, त्यांनी खोल्याच बदलल्या!” सावळेरामांना बोलवेना. “ह्याची... ह्याची खोली त्याला दिली!”

“मग?”

“मग काय? त्याची ह्याला!” त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. “मागल्या येळी तुमच्या गोंधळात काय ऐकूच आलं न्हाई बघ. तू म्हणत व्हतीस ते खरं हाय. लई भारी शिरेल हाय राव!”

प्रयागबाई उभ्याच राहिल्या. पडद्यावर सोफा होता. सोफ्यावर चार माणसं होती. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, चौघांकडं बघितलं, आणि आत गेल्या. आणि मग भाकरी अशी थापली, अशी थापली, की शेजारून बयाबाई ओरडल्या, “प्रयागबाई, दार कोण बडवतंय बघा!”