एकशे त्रेचाळीस परवाने आणि दोन बाटल्या

आईच्या उशाशी दोन बाटल्या असत. एक डोळ्यांच्या थेंबांची, एक कानाच्या. दोन्ही एकाच उंचीच्या, एकाच गोलाईच्या, जणू जुळ्या बहिणी. आईला दिसायचं बंद झाल्यापासून ती त्या बोटांनी ओळखायची, आणि एकदा बोटं चुकली. कानाचे थेंब डोळ्यात गेले. त्या दिवशी तिच्या प्रोग्रामर मुलाने ठरवलं, फोन बाटलीसमोर धरला की तो नाव मोठ्याने वाचेल, असा प्रोग्राम लिहायचा. आणि आईसारख्या सगळ्यांना फुकट द्यायचा.

प्रोग्राम झाला. त्यात त्याचं स्वतःचं चिमूटभर. बाकी सगळे परक्यांनी लिहून जगासाठी मोकळे ठेवलेले तयार तुकडे. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्याने अकरा घेतल्या. त्या अकरांनी आपापल्या मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी मावश्या, मावश्यांनी जावा, आणि मोजल्या तेव्हा एकशे त्रेचाळीस जणी आत नांदत होत्या. प्रत्येकीचा परवाना, म्हणजे वापरायच्या अटी, वेगळा.

त्याच्या कचेरीच्या नियमानुसार कर्मचाऱ्याने लिहिलेली एक ओळही परवाना-सुसंगती कक्षाच्या सहीशिवाय बाहेर जात नसे.

"निदान आईला तरी देऊ?"

"आई कचेरीत आहेत का?" कक्षाच्या मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग बाहेरच्याच." मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. "ही सदतीस नंबरची म्हणते, मला घ्या, पण अख्खा प्रोग्राम माझ्याच अटींवर वाटा, वर एकही अट वाढवू नका. आणि ही बावन्न नंबरची म्हणते, माझी एक जास्तीची अट सगळीकडे लावा."

"पण दोघीही फुकटच देतायत ना?"

"तेच तर दुखणं आहे. एकीने जरी पैसे मागितले असते, तरी देऊन मिटवलं असतं."

त्याने बावन्न नंबरची काढली आणि तिचं काम महिनाभर खपून स्वतः लिहिलं. मग अडली एक्क्याण्णव नंबरची. तीन ओळींची पोर. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा पुसायची, एवढंच तिचं काम. अट एकच: हे वापरून कुणाचं वाईट करू नये.

"वाईटाची व्याख्या दिलेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"तीनच ओळी आहेत. नव्याने लिहितो."

"या वाचल्यात तुम्ही?"

"वाचल्या."

"मग तुम्ही लिहाल ती नक्कलच."

"दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो."

"त्याला काय लिहायचं ते कोण सांगणार? तुम्हीच ना? तुम्ही तर वाचल्यात!"

अखेर 'वाईट करणार नाही' असं त्याने लिहून दिलं आणि सही झाली. फक्त एक शेरा पडला: सर्व परवाने वापरणाऱ्यापुढे ठेवणे बंधनकारक असून, वापरणाऱ्यास दिसत नसल्याने ते ऐकवावेत.

सकाळी आईने बाटली धरली. फोन बोलला, "परवाना क्रमांक एक."

"अरे, थेंब कसले ते सांग ना मेल्या!"

फोन सांगत राहिला.

"मान्य! सगळं मान्य!"

"पूर्ण ऐकल्याशिवाय संमती ग्राह्य नाही."

दुपार कलली. आई एका हाताने डोळा चोळत ऐकत होती. एक्क्याण्णवाव्या परवान्याला ती ताठ बसली. "काय म्हणाला? कुणाचं वाईट करू नये? मग सकाळपासून थेंबांवाचून डोळा चुरचुरतोय माझा, हे काय भलं झालं?"

मुलगा सरळमार्गी. त्याने तिची तक्रार कक्षाला कळवली. अटीचा भंग झाल्याने प्रोग्राम त्याच संध्याकाळी मागे घेण्यात आला. चौकशी समिती बसली आणि तिला मूळ कारण सापडलं: वापरणाऱ्या व्यक्तीने परवाना ऐकला होता. असा प्रकार यापूर्वी घडल्याची नोंद नव्हती. पुन्हा घडू नये म्हणून यापुढे परवाने बारीक अक्षरांत आणि खाली 'वाचलं, समजलं, मान्य' असं बटण, असं ठरलं.

मुलाने घरी येऊन सांगितलं. बोटांना ओळखू यावी म्हणून आई कानाच्या बाटलीला दोरा बांधत होती, दोन गाठींचा.

"आणि ते बटण लोक वाचून दाबतात?"

"न वाचताच. रोज."

"डोळे असलेले?"

"सगळेच, आई."

आईने दोऱ्याचं रीळ त्याच्यापुढे धरलं. "हे ने रे त्यांना. माझ्या दोन बाटल्यांना एवढा लागत नाही."