तीन प्रतींतली खोली

जेवणाच्या टेबलावर सतरा रेडिओ उघडे पडले होते आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. तीन आठवड्यांनी, रविवारी, लेक जुळ्यांना घेऊन महिनाभर राहायला येणार होती. बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "तोपर्यंत हे हललं नाही, तर भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारीन." ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती, हीच खरी अडचण होती.

नवऱ्याला ऑफिसात सगळे पंडित म्हणत. तीस वर्षं खिडकीमागे बसून त्यांनी लोकांचे अर्ज 'पूर्ण करून आणा' म्हणत एकेका स्वल्पविरामासाठी परत पाठवले होते. त्यामुळे परसात रेडिओंसाठी खोली बांधायचं ठरल्यावर त्यांनी विटांच्या आधी नियमांचं पुस्तक आणलं. आठ फूट उंचीपर्यंतच्या खोलीला परवानगी लागत नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं. परसातला तोच तुकडा बायको दहा वर्षं भाजीच्या वाफ्यासाठी मागत होती आणि तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीत, रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं वाढवत होती. पण तिच्या मागणीला कुठल्या कलमाचा आधार नव्हता.

एखादा शहाणा गुपचूप खोली बांधून मोकळा झाला असता. पण जित्याची खोड. खोली छपरापर्यंत आली तेव्हा पंडितांनी बांधकाम खात्याला तीन प्रतींत पत्र धाडलं: सदर खोलीस परवानगीची गरज नसल्याने ती घेतलेली नाही, याची नोंद घ्यावी. खात्याने नोंद घेतली. लेक येण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, निरीक्षक मोजमापाला येतील, असं उत्तर आलं.

शुक्रवारी पंडितांनी खात्रीसाठी टेप लावला, तर खोली जमिनीपासून नऊ फूट भरली.

"जोतं फूटभर वर घेतलंय, काका," गवंडी शांतपणे म्हणाला. "पाणी आत शिरून रेडिओ पोहायला नकोत."

"अरे, पण नियम आठ फुटांचा आहे."

"तो पाण्याला कोण सांगणार?"

पंडितांनी पर्याय मोजले. खोली पाडली तर रेडिओ भंगारात, आणि ठेवली तर खातं पाडणार, म्हणजे तरीही भंगारात. शेवटी गवंड्यानेच तोड काढली. खोली खाली येत नसेल, तर जमीन वर घेऊ. उंची जमिनीपासून मोजावी, एवढंच पुस्तकात होतं.

शनिवारी उजाडताच मातीचे दोन टेम्पो आले. पंडित आत फळ्यांवर रेडिओ मांडत राहिले आणि गवंडी बाहेर चारी बाजूंनी माती पसरत राहिला. माती पुढे खाली बसते म्हणून त्याने फुटावर आणखी वीतभर चढवली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि आता त्या वीतभर मातीने अडलंय, हे दोघांच्या लक्षात आलं तेव्हा निरीक्षक फाटकातून आत येत होते.

"या, या," पंडित खिडकीच्या गजांमागून म्हणाले. जन्मभर ते खिडकीच्या याच बाजूला बसले होते, पण घाम पुसायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

निरीक्षकांनी माप घेतलं. उंची बसत होती. मग त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली. "ताजी दिसते. भराव घातला असेल, तर त्याला परवानगी लागते."

ते कलम पंडितांना पान क्रमांकासकट आठवलं. त्यांनी जवळचा एक रेडिओ उचलून उगाच छातीशी धरला.

"भराव कसला?" मागून बायकोचा आवाज आला. ती उकिडवी बसून मातीत रोपं लावत होती, शेजारी रिकाम्या डब्यांची रांग होती. "माझा वाफा आहे हा."

निरीक्षकांनी रोपांकडे पाहिलं, मग गजांमागच्या पंडितांकडे. हसू दाबत त्यांनी लिहून घेतलं: वाफा, परवानगीची गरज नाही. "पण रोपं तुडवलेली दिसली, तर मी भराव धरेन," ते जाताना म्हणाले. "मधूनमधून येऊन बघेन."

रेडिओ वाचले. पंडितांना बायकोचं इतकं कौतुक वाटलं की ते त्यांनी तोंडाने बोलूनसुद्धा दाखवलं. गवंड्याने दार आत उघडणारं करून दिलं, आणि रविवारी जुळी टेबलावर वरणभात सांडू लागली.

आता वाफा खोलीच्या चारी अंगांनी आहे. रोपं न तुडवता दारापर्यंत जायला एक लांब फळी टाकावी लागते, आणि ती फळी स्वयंपाकघरात बायकोच्या ताब्यात असते. रोज सकाळी पंडित तिथल्या दारात उभे राहतात.

"अगं, जरा फळी देतेस का?"

"रोपांना पाणी घातलंत?"

"अर्ध्यांना घातलंय."

ती मान वर न करता म्हणते, "पूर्ण करून या."